खर्जाचे बिऱ्हाड

घरात तंबोरा असेल तर वाचकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. खर्जाची तार छेडावी आणि तळहात अलगद भोपळ्यावर टेकवावा. कान त्या स्वराकडे पुरता वळतो न वळतो तोच तळहाताला त्याची खबर लागलेली असते. वरच्या सप्तकातला स्वर आपण कानाने ऐकतो. खर्ज मात्र थोडा अंगानेही ऐकावा लागतो. आपल्याकडची गवई मंडळी पहाटे उठून खर्ज भरतात ती गळ्याच्या तयारीसाठी. मैफलीत श्रोत्यांची दाद जाते ती तारसप्तकाला! इमारत बघायला आलेल्या माणसाने पायाचे कौतुक करावे कशाला?

पण केवळ या पायासाठी माणसे रात्रभर उभी राहतात, त्यासाठी कपाटाएवढे कर्णे स्वतःच्या हाताने बांधतात, ते मालमोटारीतून गावोगाव वाहून नेतात, आणि हा व्यवहार तीन खंडांत गेली पाऊणशे वर्षे अखंड चालू आहे, असे सांगितले तर? या संगीताचे अलीकडचे नाव 'डबस्टेप'. त्याचे भाईबंद पुष्कळ आहेत, आणि त्या सर्वांना मिळून 'बास म्युझिक' म्हणतात. आपण त्याला खर्जसंगीत म्हणू.

मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्येही निघाला होता. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे, मी लोकवाङ्मय शिकवतो. ज्यांच्या हाती छापखाना नव्हता त्या माणसांनी डफ, तुणतुणे आणि गळा यांच्या जोरावर आपले म्हणणे कसे टिकवले, हे मुलांना सांगण्यात माझी वीस वर्षे गेली. दुसरे उत्तर म्हणजे माझा भाचा. तो लंडनमध्ये वाढला आहे, आणि त्याच्या खोलीतून येणाऱ्या आवाजाने माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात.

किंग्स्टनच्या अंगणात

किंग्स्टन म्हटले की आपल्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना सबायना पार्क आठवते. १९७१ साली मडगावच्या दिलीप सरदेसायांनी तिथे २१२ धावा काढल्या आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमधली पहिली मालिका जिंकण्याची पायाभरणी केली. जमैका बेटाच्या त्याच राजधानीत आपल्या विषयाचा जन्म झाला, तो मात्र त्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधी.

दुसरे महायुद्ध संपले होते. गोरगरिबांना नाचगाणे हवे होते, पण वाद्यवृंद परवडत नव्हता. घरोघर रेडिओही नव्हते. अमेरिकेत कामाला जाऊन आलेले मजूर आणि खलाशी तिकडच्या ध्वनिमुद्रिका घेऊन येत. मग कुणीतरी युक्ती काढली. वाद्यवृंद नसेना का, एक तबकडी वाजवणारे यंत्र, एक ध्वनिवर्धक आणि मोठाले कर्णे अंगणात मांडले, दाराशी चार नाणी घेतली आणि शेजारी खाण्यापिण्याची सोय केली, की झाला जलसा! या सगळ्या सरंजामाला 'साउंड सिस्टिम' म्हणू लागले. हा शब्द नुसत्या यंत्राचा वाचक नाही. यंत्रे, ती बांधणारा कारागीर, तबकड्या निवडणारा, त्यावर बोलणारा आणि कर्णे उचलणारी पोरे या सर्वांचे मिळून ते नाव आहे. आपण 'तमाशाचा फड' म्हणतो तेव्हा जे अभिप्रेत असते, तेच इथे.

टॉम वाँग नावाचे चिनी वंशाचे एक जमैकन व्यापारी होते. त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम शिकून आलेल्या हेडली जोन्स या तंत्रज्ञाने त्यांना ध्वनिवर्धक बांधून दिला, आणि 'टॉम द ग्रेट सेबॅस्टियन' हा फड उभा राहिला. त्याच्यामागून आले ड्यूक रीड. हे आधी पोलिसात होते, मग दारूचे दुकानदार झाले, आणि जलशाला कमरेला पिस्तूल लावून येत! त्यांचे प्रतिस्पर्धी क्लेमंट डॉड. लहानपणी हे क्रिकेट चांगले खेळत, म्हणून यॉर्कशायरच्या ॲलेक कॉक्सन या खेळाडूवरून सवंगड्यांनी त्यांना 'कॉक्सन' नाव दिले. इंग्लंडकडून एकच कसोटी खेळलेल्या त्या गोलंदाजाचे नाव अशा रीतीने जमैकाच्या संगीताच्या इतिहासात जाऊन बसले. क्रिकेटवेड्या देशांचे एकमेकांशी नाते असते ते असे!

या फडांच्या चढाओढीचे किस्से आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याची आठवण करून देतात. आपल्याजवळची तबकडी कोणत्या गायकाची आहे हे दुसऱ्याला कळू नये म्हणून तिच्यावरचे नाव चक्क खरवडून काढीत. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतली आवड बदलली आणि हवी तशी नवी गाणी येईनाशी झाली. तेव्हा या फडकऱ्यांनी स्थानिक गायक-वादकांना गोळा करून स्वतःच ध्वनिमुद्रणे सुरू केली. ऑगस्ट १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी डॉड यांनी 'स्टुडिओ वन' उघडला. स्का, रॉकस्टेडी आणि रेगे हे प्रकार याच अंगणांतून निघाले. त्यातल्या रेगेला युनेस्कोने २०१८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

गळा वगळला, आणि...

आता एका विसरभोळेपणाची गोष्ट. १९६७-६८ च्या सुमारास रडी रेडवुड नावाच्या एका फडकऱ्याने ड्यूक रीड यांच्या स्टुडिओत आपल्या जलशासाठी एक तबकडी कापून घेतली. कापणाऱ्याकडून तीत गायकाचा आवाज घालायचाच राहिला. उरले नुसते वाद्यांचे अंग. रेडवुडने ती तशीच नेली. जलशात आधी गाण्यासह तबकडी वाजवली, आणि मग ही बिनगळ्याची लावली. जमलेल्या मंडळींनी रिकाम्या जागेत गाणे स्वतःच म्हणायला सुरुवात केली! तेव्हापासून तबकडीच्या मागच्या बाजूला असा गळा वगळलेला पाठ छापण्याची पद्धत पडली.

या रिकाम्या जागेचे शास्त्र केले ते ऑसबर्न रडक या माणसाने. जग त्याला 'किंग टबी' म्हणून ओळखते. हा मूळचा रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा कारागीर. आपल्या छोट्या घरातल्या यंत्रावर तो दुसऱ्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे उघडी. एखाद्या ओळीतला एकच शब्द ठेवी आणि त्याचा प्रतिध्वनी दूर जाऊ देई. पेटी-गिटार काढून घेई. मग सगळे थांबले असे वाटत असतानाच ताल आणि खर्ज पुन्हा आत सोडी. या कलेला 'डब' म्हणतात. वादक हा कलावंत, गायक हा कलावंत, इथवर जगाला मान्य होते. पण ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञही आपल्या बोटांनी रचना करतो, हे या दुरुस्तीवाल्याने सिद्ध केले. मिश्रण, पुनर्रचना हे जे आज सर्रास चालते त्याचा बराचसा उगम किंग्स्टनच्या त्या घरात आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत टबीचा त्याच्या घरासमोर गोळी घालून खून झाला. तेव्हा तो पन्नाशीचाही नव्हता.

त्या मोकळ्या जागेत दुसराही एक कलावंत शिरला. टबीच्या फडात यू-रॉय नावाचा निवेदक होता. तो या बिनगळ्याच्या तबकडीवर ठेक्यात बोले: लोकांना हाका मारी, टोमणे मारी, कथा सांगे. डफावर बोलणारा शाहीर, किंवा टाळाच्या ठेक्यावर आख्यान रंगवणारा कीर्तनकार ज्याने ऐकला आहे, त्याला ही रीत परकी वाटणार नाही.

खोली मिळेना

१९४८ च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' हे जहाज वेस्ट इंडियन माणसे घेऊन लंडनजवळ टिलबरीला लागले. युद्धाने मोडकळलेल्या इंग्लंडला कामगार हवे होते. पण काम देणारे हात घर द्यायला तयार नव्हते. काळ्या माणसांना जागा नाही, अशा पाट्या लागत. नाचघरांच्या दारातून त्यांना परत पाठवले जाई.

माझ्या बहिणीच्या शेजारी एक जमैकन आजोबा राहतात. १९६२ साली पंधराव्या वर्षी ते आईबरोबर किंग्स्टनहून आले आणि चाळीस वर्षे रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले. बहिणीकडे मी तीन आठवडे होतो, तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्याशी फाटकाशी उभा राहून बोलणे होई. सरदेसाई आणि गावसकर या नावांनी आमची मैत्री झाली. त्यांना मी भाच्याच्या संगीताविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "प्रोफेसर, ते पोरांचं खूळ नाही. आम्हाला काम मिळालं, पण शनिवारची संध्याकाळ मिळाली नाही. मग आम्ही तळघरात ती तयार केली."

तळघरातल्या या जलशांना 'ब्लूज' म्हणत. टॉम वाँगच्या फडात तयार झालेले व्हिन्सेंट फोर्ब्स, ऊर्फ ड्यूक व्हिन, १९५४ मध्ये चोरून जहाजावर चढून इंग्लंडला आले आणि थोड्याच काळात लंडनमध्ये त्यांनी पहिला फड उभा केला. दाराशी घेतलेल्या पैशातून कुणाचे भाडे निघे, कुणाला बोटीचे तिकीट पाठवता येई. आजोबांची आई त्या रात्री भाताची आणि मटणाची पातेली चढवायची. "आमची चर्च होती ती, आमचं टपाल होतं, आमची पतपेढी होती," असे ते सांगत.

मात्र शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि पोलिसांच्या धाडीही होत्या. यात नुसत्या गोंगाटाचा प्रश्न नव्हता. १९७४ साली क्रिकलवुडच्या एका क्लबात पोलीस शिरले, धुमश्चक्री झाली, आणि तिथे फड चालवणारे संगीतकार डेनिस बोव्हेल यांना पकडण्यात आले. सहा महिने तुरुंगात काढल्यावर अपिलात ते निर्दोष सुटले. पुढे १९८० मध्ये 'बॅबिलॉन' हा याच जगावरचा चित्रपट निघाला, त्याचे संगीत त्यांनीच दिले.

आणि १८ जानेवारी १९८१ ची पहाट. दक्षिण लंडनमधल्या न्यू क्रॉस रोडवरच्या एका घरात वाढदिवसाचा समारंभ चालू असताना आग लागली आणि तेरा तरुण मुलेमुली मृत्युमुखी पडली. आग कशी लागली याचा निर्णय १९८१ च्या आणि २००४ च्या अशा दोन्ही चौकशांत लागला नाही. आगीनंतर सहानुभूतीचा एक शब्दही वरून आला नाही, म्हणून २ मार्चला हजारो लोक लंडनच्या रस्त्यावरून चालत गेले. आजोबा त्या दिवशी कामावर रजा टाकून मोर्चात गेले होते. हे सांगताना ते आवाज चढवीत नाहीत. "त्यातल्या दोन पोरांना मी ओळखत होतो," एवढेच म्हणतात, आणि मग गुलाबाच्या रोपाकडे वळतात.

हा इतिहास कळल्याशिवाय खर्जसंगीत कळत नाही, असे मला वाटते. ज्यांना शहराने खोली दिली नाही, त्यांनी आवाजाची खोली उभारली. कर्णे मांडले की भिंती उभ्या राहिल्या. कर्णे उचलले की बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुढच्या गावी!

क्रॉयडनची पोरे

या तळघरांत वाढलेल्या मुलांची मुले २००० च्या सुमारास लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये जमू लागली. तिथल्या सरे स्ट्रीटच्या भाजीबाजारापाशी 'बिग ॲपल' नावाचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते. हॅचा तिथे कामाला होता. स्क्रीम आणि बेंगा ही तर मिसरूडही न फुटलेली पोरे. मग माला, कोकी आणि लोफा आले. त्या वेळी लंडनमध्ये 'गराज' नावाचे चटपटीत नाचाचे संगीत गाजत होते. या मुलांनी त्यातली गाणी काढली, झगमगाट काढला, आणि उरलेल्या पोकळीत खर्ज भरला. किंग टबीने तीस वर्षांपूर्वी केले तेच! २००२ च्या सुमारास या प्रकाराला 'डबस्टेप' हे नाव पडले.

त्याची लय समजायला आपल्याला अवघड नाही. मिनिटाला साधारण १४० मात्रा चालतात. पण चार मात्रांच्या आवर्तनात जोरकस ठोका पडतो तो तिसऱ्या मात्रेवर, म्हणून अंगाला लय निम्मी वाटते. एकाच ठेक्यात ठाय आणि दुगुण एकदम चालू असावी तसे. ज्याला वाटेल त्याने डोलावे, ज्याला वाटेल त्याने नाचावे. आणि खाली सेकंदाला चाळीस-पन्नास कंपनांचा स्वर. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे सत्तर कंपने देते. हा स्वर त्याच्याही बराच खालचा. चाळीस कंपनांच्या ध्वनीची एकेक लाट साडेआठ मीटर लांबीची असते. मुंबईच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती मावायचीच नाही! एवढी हवा हलवायची तर अठरा इंची कर्णा लागतो, आणि तो बसवायला लाकडी पेटी लागते. या पेट्यांच्या आत नागमोडी मार्ग असतो. आवाज त्यातून फिरून बाहेर येताना जोर धरतो. त्या बांधणे हे सुतारकामही आहे आणि गणितही.

२००५ च्या मार्चमध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी ब्रिक्स्टनमधल्या सेंट मॅथ्यू चर्चच्या इमारतीत 'डीएमझेड' नावाचा जलसा सुरू केला. आधी मोजकीच मंडळी येत. १९७० च्या सुमारापासून फड चालवणाऱ्या जाह शाका या तपस्वी माणसाच्या जलशांचा मालावर प्रभाव होता. तिथली अंधाराची, खर्जाची आणि शांत चित्ताची शिस्त त्याने इकडे आणली. १००६ नव्हे, पण शतकांची वाटावी इतकी जुनी ती इमारत, आणि वर्ष २००६. जानेवारीत बीबीसीवर मेरी ॲन हॉब्ज यांनी या मंडळींचा खास कार्यक्रम केला, आणि मार्चमधल्या पहिल्या वाढदिवसाला रांग इतकी लांबली की सगळा जलसा मोठ्या दालनात हलवावा लागला. जाह शाका २०२३ मध्ये वारले.

या मुलांनी जमैकाचा आणखी एक रिवाज जपला. नवी रचना आधी बाजारात जात नाही. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा लेप दिलेली एकच तबकडी कापून घेतात. तिला 'डबप्लेट' म्हणतात. ती थोड्या वेळा वाजवली की झिजते. म्हणजे रचना ऐकायची तर त्या माणसाच्या जलशाला, त्याच रात्री गेले पाहिजे. लोकांना आवडली तरच मग ती छापायची. प्रयोगात सिद्ध झाल्यावरच नाटक छापावे, त्यातलाच हा प्रकार.

सरकारचा कान मात्र पूर्वीसारखाच तिखट राहिला. १९९४ च्या ब्रिटिश कायद्याने रात्रीच्या उघड्यावरच्या जलशांवर बंधने घातली, आणि त्यात संगीताची व्याख्याच सतत पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांवरून केली! २००५ पासून लंडनच्या पोलिसांचा ६९६ क्रमांकाचा एक अर्ज असे. जलसा करणाऱ्याने संगीताचा प्रकार कोणता आणि, सुरुवातीच्या नमुन्यात, येणारे लोक कोणत्या वंशाचे हेही लिहून द्यायचे. हा अर्ज २०१७ मध्ये रद्द झाला. तोवर कित्येक जलसे कागदावरच विरले.

उभे राहून ऐकणे

भाच्याने मला एका शनिवारी दक्षिण लंडनमधल्या जुन्या सभागृहात नेले. दाराशी कानात घालायचे बोळे मिळाले. आत अंधार. व्यासपीठावर कुणी नाही; समोर कर्ण्यांची भिंत आणि सगळ्यांची तोंडे तिच्याकडे. मूर्ती नसलेला गाभाराच तो!

पहिली दहा मिनिटे मी चाल शोधत होतो. भाचा कानाशी ओरडून म्हणाला, "मामा, तू ऐकायचा प्रयत्न करू नकोस. नुसता उभा राहा."

मी उभा राहिलो. मग खर्ज आला. तो कानावर आलाच नाही. सदऱ्याची बाही हलली, बरगड्यांत गुणगुण झाली, पायाखालची फळी बोलू लागली. आश्चर्य असे की त्यात दणका नव्हता. मोठ्या नदीत गळ्यापर्यंत उभे राहावे तसे वाटत होते. माझ्या एका बाजूला साठीची एक जमैकन बाई डोळे मिटून डोलत होती, दुसऱ्या बाजूला दाढीवाला इंग्रज पोरगा. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. बोलायची सोय नव्हती. एवढ्या माणसांत इतका वेळ गप्प राहण्याची वेळ माझ्यावर वर्गाबाहेर कधी आली नसेल.

घरी येताना भाच्याला विचारले, "हे आईला कधी दाखवलंस?"

तो म्हणाला, "तिनं कधी विचारलं नाही. ती फक्त आवाज कमी कर म्हणते."

दुसऱ्या दिवशी मी हे बहिणीला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. "मलाही तुझ्याबरोबर नेलं असतंत की," एवढेच ती म्हणाली. भाचा दाराशी उभा होता, त्याने ऐकले.

नव्या तबकड्या

आता नवे काय, ते सांगतो. डबस्टेपचे एक भरधाव अमेरिकन रूप २०१० नंतर जगभर गाजले. स्क्रिलेक्सला २०१२ च्या फेब्रुवारीत तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. त्यात खर्जापेक्षा मधल्या स्वरांची गुरगुर अधिक. आणि त्याला व्यावहारिक कारण आहे. फोनच्या चिमुकल्या कर्ण्यातून चाळीस कंपनांचा स्वर निघूच शकत नाही. गुरगुर मात्र निघते. ज्या यंत्रावर लोक ऐकतात, त्या यंत्रासाठी संगीत रचले जाते. त्याच स्क्रिलेक्सने फ्रेड अगेन याच्याबरोबर २०२३ मध्ये 'रंबल' काढले, तेव्हा बोलायला बोलावले पूर्व लंडनच्या फ्लोडॅनला, आणि या रचनेला २०२४ चे ग्रॅमी मिळाले. यू-रॉयचा वारसा असा फिरून मुख्य दिवाणखान्यात आला.

ज्यांना मुळाशी जायचे आहे त्यांनी केविन मार्टिन, ऊर्फ 'द बग', यांचा २०२१ चा 'फायर' ऐकावा. फ्लोडॅन त्यातही आहे. पण तो जळता निखारा आहे, हे लक्षात असू द्यावे. संथ हवे असेल तर 'घोस्ट डब्ज'चा २०२४ चा 'डॅमेज्ड': जवळजवळ सगळे पुसून टाकल्यावर उरणारी सावली. बरियल या संकोची कलावंताचा २००७ चा 'अनट्रू' हा या संगीताचा पावसाळी रात्रीचा ग्रंथ समजला जातो. त्याची एक तबकडी २०२४ मध्येही आली. आणि चार दशकांहून अधिक काळ इंग्लंडमध्ये डबचे काम करणारे एड्रियन शेरवुड यांचा 'द कोलॅप्स ऑफ एव्हरीथिंग' २०२५ मध्ये निघाला. टबीची बोटे कशी चालत असतील याची कल्पना त्यावरून येते.

हे सगळे टिकेल का? ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी लॅकरच्या चकत्या बनवणारा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. त्या दिवशी असा दुसरा कारखाना जगात एकच उरला होता, तो जपानमध्ये. एक अख्खी परंपरा किती बारीक दोऱ्यावर लटकते पाहा! आणि जलशांच्या जागा शहरांत महाग होत चालल्या आहेत, तो दोरा आणखीच बारीक.

आपल्या दारात

इथे वाचक म्हणतील, "प्राध्यापक, मिरवणुकीच्या भिंती आमच्या खिडकीखाली वाजतात, त्यांचेही असेच कौतुक करायचे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि मी त्यातून अंग काढून घेणार नाही.

आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मात्र हे माप ज्या पद्धतीने घेतात तिच्यात खालच्या स्वरांचे वजन फार कमी धरतात. पन्नास कंपनांच्या स्वरातून तब्बल तीस डेसिबल वजा होतात. म्हणून आकडा बेताचा दिसला तरी आजीबाईंच्या खोलीतली तावदाने खडखडतात, आणि खर्जाला भिंत अडवत नाही. आजीबाईंची तक्रार खरी असते. मापच अपुरे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपलीकडे कानांना घातक. आवाज चढेल तसे हे तास झपाट्याने कमी होतात. त्या लंडनच्या दाराशी कानांचे बोळे उगाच देत नव्हते.

मला दिसतो तो फरक असा. त्या सभागृहात जे आले होते ते आपण होऊन आले होते, आणि चार भिंतींच्या आत होते. मिरवणुकीतल्या भिंतीपुढे झोपलेले तान्हे मूल आपण होऊन आलेले नसते. शिवाय नुसता जोर म्हणजे खर्ज नव्हे. चांगला फडकरी एकेक कर्णा जुळवायला दुपारभर खपतो. खालचा स्वर स्वच्छ, वरचा बोचरा नाही, हे त्याचे व्रत. आपल्याकडे ही परंपरा कुणी आणलीच नाही असेही नाही. दिल्लीच्या 'रेगे राजाज' मंडळींनी २०१६ च्या जानेवारीत गोव्यात 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगेचा उत्सव सुरू केला, आणि जमैकन पद्धतीचे कर्णेही आपल्या देशात बांधले गेले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांनी जलशांतून आपला आवाज कमावल्याचा इतिहास ज्या महाराष्ट्रात आहे, तिथे या संगीताचे मर्म कळायला अडचण पडू नये.

तेव्हा सुट्टीत घरी आलेल्या मुलाच्या खोलीतून हा घुमारा ऐकू आला, तर आवाज कमी करायला जरूर सांगा. तो तुमचा हक्कच आहे. पण दार वाजवून आत जा आणि, हे कुणाचे, कुठले, असे एकदा विचारा. चांगले हेडफोन मागून घ्या, आवाज बेताचा ठेवा, आणि चाल शोधू नका. बहिणीचे पत्र गेल्या महिन्यात आले. भाच्याने तिला आणि शेजारच्या आजोबांना एका रविवारी दुपारच्या जलशाला नेले होते. आजोबांसाठी खुर्ची मागवली, पण ते बसले नाहीत.